बेडूक, साप, सरडे यांचे फोटो नागपुरातच कसे काढायचे, आंबोलीची तिकिटं काढायच्या आधी

मृग लागला की ओळखीतल्या सगळ्या कॅमेरेवाल्यांचं एकच सुरू होते, आंबोलीला कधी जायचं. जा ना भाऊ, कोण नाही म्हणते, मलाबार पिट व्हायपर साप काही आपल्याला काटोल रोडवर दिसणार नाही. पण एवढ्या दूर जाऊन तिथं पहिल्यांदा चिखलात झोपायचं शिकण्यापेक्षा ते इथंच, आपल्या लेआऊटच्या मागच्या डबक्याशी शिकून घेतलेलं बरं. अन् खरं सांगू का, पहिल्या दणक्या पावसात पिवळाजर्द झालेला बुलफ्रॉग आंबोलीच्या कोणत्याही बेडकाला भारी पडते, आणि तो बेसा-पिपळा साइडच्या रिकाम्या प्लॉटातल्या पाण्यातही येऊ शकते.

तर बुलफ्रॉगपासूनच सुरू करतो, शिकायला याच्याएवढा सोपा प्राणी दुसरा नाही. वर्षभर हा मळकट हिरवा-तपकिरी असतो, कोणी ढुंकून पाहत नाही. जूनच्या मध्यात पावसाने एकदा नीट झोडपलं आणि शेतात, खड्ड्यात पाणी उभं राहिलं की नर पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात, आणि काय तो आवाज, शेजारच्याशी बोलता येत नाही. हा सगळा कारभार एक-दोन दिवसात आटपते, रंगही उतरतो. म्हणून रविवारची वाट पाहू नका, रात्री पाऊस झाला असेल तर पहाटेच निघा, ऑफिसला उशीर होईल म्हणून कळवून टाका. रात्री सुरू झालेलं बरेचदा सकाळच्या उजेडातही चालू असते, म्हणजे फ्लॅशबिश काही लागत नाही आणि मोबाईलवाल्यालाही चान्स आहे.

जागा हेरून ठेवायचं काम मात्र मे महिन्यात करायचं. नुसती मोठी तळी पाहत फिरू नका, बुलफ्रॉगची गर्दी पाहायची तर पावसानंतर नव्याने साचणारं उथळ पाणी पाहिजे, कारण तिथं अंडी-पिल्लं खाणारे मासे कमी. रिकामे प्लॉट, विटभट्टीचे खड्डे, रस्त्याच्या कडेचे मुरूम काढलेले डबरे, आणि मौदा, रामटेक, भंडाऱ्याकडे गेलात तर धानाच्या बांध्या. बांध्यांसारखी जागा नाही राजेहो, पाणी उथळ, धुऱ्यावर झोपायला जागा आणि मागे हिरवंगार बॅकग्राऊंड फुकटात. कळमेश्वर-काटोलकडच्या संत्र्याच्या बागांतही ओलितामुळे झाडबेडूक अन् सरडे चांगले असतात.

आता झोपायचं म्हणजे खरंच झोपायचं. बेडकाचा उभ्याने वरून काढलेला फोटो म्हणजे चिखलात पडलेला एक गोळा दिसतो, बाकी काही नाही. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीला आणा, म्हणजे जवळपास पाण्याला टेकवा, तेव्हा मागचं सगळं धूसर होते आणि तो प्राणी एकदम मोठा दिसायला लागते. खताची रिकामी गोणी किंवा ताडपत्रीचा तुकडा खाली टाकायला ठेवा, कॅमेऱ्याच्या खाली टेकण म्हणून तांदूळ भरलेली छोटी पिशवी चालते. स्क्रीन फिरणारी असेल तर मान वाचते, नसेल तर कॅमेरा मोबाईलला जोडून लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याला दिसते ते, तिथंच पाहा.

तुम्ही जवळ गेलात की सगळे चूप होतील. होऊ द्या. टॉर्च बंद करा, हलू नका, गप पडून राहा. दहा-पंधरा मिनिटांत एखादा सुरू करते मग त्याचं ऐकून बाकीचे. या वेळात बरेच लोक कंटाळून बेडकाच्या मागे पळतात आणि मग त्यांच्याकडे पळणाऱ्या बेडकाच्या पाठीचे फोटो असतात. ओरडणाऱ्या नराची एक जागा ठरलेली असते, तो हटला तरी बहुतेक तिथंच परत येते, म्हणून जागेवर फोकस करून वाट पाहणं कधीही फायद्याचं.

पिशवी फुगलेला क्षण पकडायचा तर आधी दोन मिनिटं नुसतं ऐका, त्याची लय समजते, मग बर्स्ट, म्हणजे धडाधड एकामागे एक फोटो, लावा. बुलफ्रॉगच्या पिशव्या दोन आणि बाजूला, म्हणून समोरून किंवा थोडं तिरकं बसलात तर दोन्ही दिसतात, एकदम बाजूने घेतलं तर एकच. उलट मायक्रोहायला म्हणून जो नखाएवढा, फार तर इंचभराचा बेडूक असतो त्याला गळ्याखाली एकच फुगा, तो बाजूनेच भारी दिसतो, अंगापेक्षा फुगा मोठा. हा बारका गडी ऐकू सगळीकडे येते आणि दिसत कुठंच नाही, गवताच्या बुडाशी असतो. दोघं जण दोन जागांवरून आवाजाकडे बोट दाखवा, बोटांच्या रेषा जिथं कापतात तिथं पाहा, सापडते.

झाडबेडूक तर आपल्या घरीच येऊन राहतो, बाथरूमच्या खिडकीत, कुंडीमागे, कूलरमध्ये. पावसाळ्यात टाक्याच्या किंवा विहिरीच्या कडेला, पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीला पांढरा फेसाचा गोळा दिसला तर ते त्याचं घरटं, आत अंडी, पिल्लं झाली की खाली पाण्यात पडतात. त्याला हात नका लावू, लांबून फोटो घ्या, पाण्यासकट घ्या, कारण खाली पाणी दिसलं तरच त्या फोटोत काय चाललंय ते कळते.

रात्रीच्या लाईटचं आता नीट सांगतो कारण इथंच सगळे अडकतात. बेडकाची कातडी ओली, त्यावर कॅमेऱ्यावरचा उघडा फ्लॅश मारला की पांढरे चट्टेच चट्टे. लाईट मोठा करायचा आणि जवळ आणायचा, एवढाच मंत्र आहे. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमधला पातळ पांढरा फोम घ्या, फाईलचं जाड प्लास्टिक वाकवून छत्रीसारखं करा, त्याला फोम चिकटवा आणि फ्लॅशसमोर असं बांधा की ते लेन्सच्या टोकाच्या थोडं वर-पुढे येईल. सीताबर्डीत फार तर शे-दोनशे रुपयांत सामान होते, बाजारातला हजारोंचा डिफ्यूझर हेच काम करते. फ्लॅश मॅन्युअलवर, १/१६ पॉवरपासून सुरू करा, कमी पॉवरला फ्लॅशचा झटका फार छोटा असतो म्हणून हात थोडा हलला तरी फोटो शार्प येतो आणि लगेच पुढचा शॉट मिळतो. शटर १/१६० ते १/२००, अपर्चर एफ ११ च्या आसपास, आयएसओ २०० ते ४००. एफ १६ च्या पुढे जाऊ नका, डेप्थ, म्हणजे पुढे-मागे शार्प दिसणारा भाग, वाढते पण डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून उजेड पसरल्याने, सगळाच फोटो मऊ पडते. फोकस डोळ्यावर, बाकी काहीही आऊट असलं तरी चालते पण डोळा आऊट तर फोटो डिलीट.

बॅकग्राऊंड काळंकुट्ट येते ही दुसरी तक्रार. फ्लॅशचा उजेड मागे पोचत नाही म्हणून. मागे एखादं पान, गवत येईल अशी जागा घ्या, किंवा अगदी संधिप्रकाशात, आभाळ निळं असताना काढा, आयएसओ ८०० आणि शटर १/३० वर आणा, म्हणजे फ्लॅश बेडकाला उजळते आणि मागचं निळं आभाळ शटर भरून काढते. माझ्या मते पावसाळ्यातला सगळ्यात भारी अर्धा तास तोच, पण मच्छर पण तेव्हाच. ओडोमॉस लावा पण त्या हाताने बेडकाला शिवू नका, त्याची कातडी पाणी-हवा सगळं आत घेते, तसंच ते रसायनही जाते. तसं तर हात कशालाच लावायचा नाही हे पुढे येते.

मोबाईल असेल तर मॅक्रो मोड विसरा, त्यात फोन प्राण्याच्या नाकाला टेकवावा लागते आणि फोनचीच सावली पडते. २ एक्स किंवा ३ एक्स वर जा, स्क्रीनवर बोट दाबून फोकस लॉक करा, एक्सपोजर थोडं खाली ओढा, आणि मित्राला टॉर्चवर टिश्यू पेपर गुंडाळून बाजूने धरायला सांगा. अल्ट्रावाइड मात्र एका गोष्टीसाठी जबरदस्त आहे, प्राणी पुढे मोठा आणि मागे त्याचं अख्खं शेत, तळं, पळसाची झाडं. हे फोटो लोक काढतच नाहीत आणि मला तरी निव्वळ क्लोजअपपेक्षा हेच जास्त आवडतात, काळ्या बॅकग्राऊंडवरचा बेडूक नागपूरचा आहे का नांदेडचा काय कळते.

सरड्यांचा सीझन वेगळा. पंखा सरडा उन्हाळ्यात, एप्रिल ते जून, उघड्या मुरमाड पडीक जमिनीवर. नर दगडावर किंवा ढेकळावर चढून गळ्याचा पंखा फडकावतो. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या सरड्यासारखा निळा-काळा-केशरी भडक पंखा आपल्याकडे नसतो, पण सकाळचं ऊन त्याच्या मागून घेतलं तर तो पातळ पंखा उजळून निघते. शटर १/१००० च्या वर ठेवा. ४५ डिग्रीत दुपारी जायचा शहाणपणा करू नका, सकाळी दहाच्या आत आटपा, त्यानंतर तुम्हीही तापता आणि जमिनीवरून वाफा निघून फोटो हलल्यासारखे येतात, ते कोणत्याही लेन्सने सुटत नाही. गाडीतून उतरू नका, खिडकीतूनच घ्या, सरडा गाडीला भीत नाही, माणसाला भितो.

साधा बागेतला सरडा याच काळात लालबुंद होतो, त्याला लोक उगाच रक्तपिपासू म्हणून मारतात. शॅमेलिऑन दिवसा शोधून डोळे फुटतात पण रात्री झुडपाच्या टोकाला झोपलेला असतो आणि फिकट पडलेला, टॉर्चच्या उजेडात लगेच उठून दिसतो. झोपलेल्याचे एक-दोन फोटो घ्या आणि निघा, फांदी हलवून जागं करू नका. फारच हवा असेल तर जागा लक्षात ठेवा आणि उजाडायच्या आधी परत या, उन्हाबरोबर तो स्वतःच रंग भरायला लागतो.

आता साप. बिनविषारी पाण्यातली दिवड हा नवशिक्यांचा साप, सुराबर्डी, झिलपी, कोणत्याही तळ्याच्या काठी बेडकांच्या मागे फिरताना दिसते, काठाशी आडवं पडून टेलि लेन्सने घ्या. विषारी सापाला १०० एमएमची मॅक्रो लेन्स वापरायची नाही म्हणजे नाही, कारण पूर्ण १:१ वर, म्हणजे प्राणी सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा घेताना, तिचं पुढचं टोक प्राण्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर येते. ७०-३०० किंवा १००-४०० घ्या, मागे एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स अन् कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी) लावली तर त्याच लेन्स आणखी जवळचं फोकस करतात. कमीत कमी दोन मीटर अंतर, आणि सापाच्या पळायच्या वाटेवर झोपायचं नाही, बाजूला.

परड, म्हणजे घोणस, हिवाळ्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी ऊन खायला बाहेर पडते आणि तासनतास हलत नाही, म्हणून फोटोला सोपी वाटते. तिथंच लोक जवळ सरकत जातात. ती फुसफुसायला लागली, कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते, म्हणजे तुम्ही केव्हाच फार जवळ आलेले आहात, मागे व्हा. मण्यार रात्रीची, पावसाळ्यात उमरेड रोड, काटोल रोडच्या डांबरावर येते. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत गल्लत कायम होते, मण्यारीचे पांढरे पट्टे मानेकडे अस्पष्ट किंवा नसतातच आणि शेपटीकडे ठळक होत जातात, कवड्याचे उलट, पुढे ठळक मागे फिके. म्हणून सापाचा एक तरी फोटो डोकं ते शेपूट पूर्ण येईल असा घ्या, नुसत्या कलात्मक डोळ्यावरून कोणीच ओळखून देऊ शकत नाही. आणि ओळख पक्की होईपर्यंत तो विषारीच समजायचा. रस्त्यावर गाडी मधातच थांबवून फोटो काढणारे पाहिले आहेत, मागून ट्रक येऊन राहिला याचा पत्ता नसतो, गाडी पूर्ण खाली उतरवा, पार्किंग लाईट लावा.

चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, अंगठी-कडं काढून टाका, तो हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि सरळ मेडिकल किंवा मेयो, ही नागपुरातली सरकारी हॉस्पिटलं, बाहेर असाल तर जवळचं सरकारी ग्रामीण रुग्णालय. मण्यार चावल्याचं अनेकदा दुखतही नाही म्हणून सकाळपर्यंत पाहू असं करायचं नाही. साप पकडून नेऊ नका, लांबून फोटो असला तर तो दाखवा, औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसे चौघांवर एकच आहे.

सापापेक्षा मला तरी रात्रीच्या शेतात दुसऱ्याच गोष्टींची भीती वाटते. एक, कठडा नसलेल्या विहिरी, पावसाळ्यात गवताने झाकून जातात. दुसरं, कुंपणाचा करंट. रानडुकरांसाठी बरेच शेतकरी झटका मशीन लावतात, त्याने फक्त झटका बसते, पण काही ठिकाणी चोरून डायरेक्ट लाईनच सोडलेली असते आणि तिने माणसं मेलेली आहेत. म्हणून दिवसा जा, शेतमालकाला भेटा, काय करतो ते सांगा, तार कुठं आहे विहीर कुठं आहे विचारून घ्या. काका आधी वेड्यासारखं पाहतील, बेंडकाचे फोटो? एवढ्या रात्री? कॅमेऱ्यातले दोन फोटो दाखवले की पुढच्या वेळी तेच फोन करून सांगतात की पाणी साचलं, या. गमबूट घाला, दोघं-तिघं जा, पाय ठेवायच्या आधी तिथं टॉर्च मारा. गोरेवाडा साइडला बिबट्या आहे हे विसरू नका, आणि पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडल्याच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय पायी फिरायचा विचारच सोडा, अभयारण्यात फोटोसाठी शिरायला कायद्याने परवाना लागतो.

कायद्याचं निघालंच आहे तर, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, पकडणं, जाळ्यात अडकवणं, हाकलणं, आमिष दाखवणं सगळं त्यात येते. घोरपडीसारख्या अनुसूची १ मधल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या, प्राण्याला फोटोसाठी धरून ठेवलं तर गोष्ट लाईक्सवर थांबत नाही. तरी लोक बेडूक पकडून जास्वंदाच्या फुलावर बसवतात, सरड्याला फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करतात, बेडकाच्या डोक्यावर गोगलगाय. थोडंफार पाहिलेल्या माणसाला हे फोटो लगेच ओळखू येतात, जमिनीत राहणारा बेडूक फांदीवर काय करून राहिला? आणि स्पर्धेत पकडलं गेलं तर बाद होते ते वेगळं. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतल्या नागाचा फोटो तर घेऊच नका, पैसे दिले की पुढच्या वर्षी आणखी एक नाग धरला जातो. घरात साप निघाला तर वन विभागाची हेल्पलाईन १९२६, आणि सर्पमित्र सोडायला जात असेल तर सोडताना लांबून काढा, त्याला 'अजून एकदा फणा काढायला लावा' म्हणू नका.

दगड उलटवून पाहायची सवय असेल तर दगड होता तसा परत ठेवा, त्याखालचा ओलावाच त्या प्राण्याचं घर आहे. फ्लॅशचे पाच-सहा शॉट झाले की त्याला सोडा. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यावर जायचं तर बूट घासून धुऊन पूर्ण वाळवा, बेडकांचे रोग चिखलातून पसरतात.

फोटो टाकताना लोकेशन बंद. मांडूळ सापाच्या बाबतीत तर नक्कीच, त्याला दुतोंड्या म्हणून गुप्तधन-बिप्तधनाच्या नावाने करोडोंच्या गप्पा मारणाऱ्या टोळ्या विदर्भातही पकडल्या जातात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाकायचं असेल तर लोकेशन 'ऑब्स्क्योर्ड' ठेवा, नोंद होते आणि नेमकी जागा लपते, वरून ओळखही मिळते. एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन वाढवू नका, पिवळा बुलफ्रॉग मुळातच एवढा पिवळा असते की लोक तसंही फेक म्हणतात, म्हणून रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, फाईल जपून ठेवा.

घरी आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत तसाच ठेवून झोपी जाऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे लेन्सला बुरशी धरायला फार वेळ लागत नाही. बॅग रिकामी करा, लेन्स पुसा, हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, जेल गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर गरम करून परत निळं करा, फक्त ती कढई नंतर स्वयंपाकाला वापरू नका आणि आईला आधीच सांगून ठेवा.